पत्र्याखालचा राउटर

"राउटर फार तापतो हो, काय करावं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसानं विचारलाय, आणि एकदा तर आळंदीला दहाव्याच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प उभे असताना, मयताच्या मेहुण्यानं मला कोपरानं ढोसून विचारलाय. मी इंटरनेटची लाइन जोडणारा माणूस. आधी केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, मग त्याच खांबांवरून इंटरनेटच्या. चिखली, मोशी, आकुर्डी, पार चाकणपर्यंत खांद्यावर शिडी घेऊन फिरलो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा काम सोडलं. राग मात्र सुटला नाही. दिवाळीच्या अंकात गोडधोड लिहावं म्हणतात. माझ्याकडे तिखट शेव आहे. चालत असेल त्यांनी पुढे वाचावं.

आधी धंदा समजावून सांगतो. खांबावरून तुमच्या घरात जी बारीक तार येते तिच्यात वीज नसते, उजेड असतो. आत काचेचा केसाएवढा धागा. त्या उजेडाचं इंटरनेट करून ते हवेतून घरभर फेकायचं काम भिंतीवरचा डबा करतो. आम्ही त्याला बॉक्स म्हणतो, तुम्ही राउटर म्हणा, माझी आई 'ते लुकलुकतंय ते' म्हणायची. हा डबा रात्रंदिवस जागा असतो, आणि जागरण करणारं कोणीही तापतंच. कोमट लागला म्हणजे त्याला काही झालं असं नाही. त्याच्या अंगावरच्या फटी नक्षीसाठी नसतात. आतली गरम हवा तिथून बाहेर पडते. तेव्हा चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा, ऊन लागू देऊ नका, सोबत आलेला अडॅप्टरच लावा आणि झाकण उघडू नका. झालं. एवढ्यावर माझं निम्मं काम संपायला हवं होतं.

पण नाही. सुतार टीव्हीखाली कप्पा करतो, त्याला दार लावतो, दाराला चुंबक लावतो आणि त्या हवाबंद कपाटात बॉक्स कोंबून वर मलाच विचारतात, "स्पीड का येत नाही?" आकुर्डीच्या एका काकूंनी बॉक्सला क्रोशाची टोपी विणली होती, वर लोकरीचा गोंडा. "उघडा बरा दिसत नाही हो." चाकणच्या पुढे एका वस्तीवर आजोबांनी बॉक्सवर ओलं फडकं घातलेलं. मी किंचाळलोच.

"आजोबा, वीज आहे ह्याच्यात!"

"म्हायती हाय. गरम व्हतंय म्हून घातलंय. माठाला न्हाई का घालत?"

"अहो, पाणी आत गेलं म्हणजे?"

"आमी काय येडे हाय व्हय? पिळून घातलंय!"

मी हसलो नाही. हसायचा हक्क मला उरलाच नव्हता. त्याच्या आदल्याच महिन्यात मी स्वतःच्या घरी एक प्रताप केला होता. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसरा माणूस बॉक्सला छानपैकी भोकं पाडतो, त्यावर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवतो आणि 'आता बघा कमाल' म्हणतो. ह्या हसऱ्या माणसांवर माझा फार राग आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बॉक्सचं काय झालं ते कोणी दाखवत नाही. मी तापलेल्या सोल्डरगननं भोकं पाडली, पंखा चिकटवला आणि त्याची तार बॉक्सच्याच अडॅप्टरच्या तारेला जोडली. अडॅप्टर बिचारा एका पोराचं दूध तेवढं पुरवणारा. त्याला मी जुळं लावून दिलं. संध्याकाळपर्यंत घरात जळक्या प्लास्टिकचा वास. अडॅप्टर वितळून भिंतीला चिकटलेला, बॉक्स मेलेला आणि पंखा तेवढा एका पात्यावर तडफडत होता. नशीब, पडदा लांब होता.

बायको म्हणाली, "झाला का थंड?"

म्हटलं, "कायमचा."

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं कानाला खडा लावला असता. मी लावला नाही. त्याची किंमत मला नाही, रेणुकाला मोजावी लागणार होती.

रेणुका आणि दत्ता हे लातूरकडचं जोडपं. चिखलीत एका इमारतीच्या गच्चीवर मालकानं पत्र्याची खोली काढली होती, तिथे भाड्यानं राहायचे. दत्ता एका वर्कशॉपमध्ये टूलरूमला होता, म्हणजे लोखंड-अॅल्युमिनियम कापून साचे बनवणारा. त्याची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. म्हातारीला सोडून घराबाहेर जाता येत नाही, म्हणून रेणुकानं घरबसल्या काम धरलेलं. एका फ्रीजच्या कंपनीच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या. कानाला हेडफोन लावला की तिची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी व्हायची, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." कॉल संपला की हेडफोन गळ्यात आणि लातूर तोंडात.

"दादा, ऊन चढलं की हे बंद पडायलंय बघा. कॉल चालू असतानाच मरायलंय. माणूस तिकडून शिव्या घालायलाय आणि मी इकडं मुकी."

तिच्या कामाची अट साधी होती. ड्यूटीवर असताना लाइन वारंवार तुटली, तर घरून काम बंद. मग रोज हिंजवडीच्या ऑफिसला यायचं. तिच्यासाठी त्याचा अर्थ एकच, नोकरी गेली. मोबाइलचं नेट लावून पाहिलं होतं, पण त्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते घेईना.

मी खोलीत शिरलो तर तव्यावर शिरल्यासारखं वाटलं. बॉक्स बरोबर पत्र्याला लागून, वरच्या कोपऱ्यात. आमच्याच माणसानं बसवलेला, तार कमी लागावी म्हणून. हात लावला आणि काढून घेतला. अंथरुणातून म्हातारी म्हणाली, "त्याला बी ऊन लागलंय व्हय रे? कांदा फोडून लावा की!"

मी बॉक्स खाली काढून दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, उभा लावला. थोडे दिवस बरे गेले. मग उन्हाळा खरा तापला आणि पुन्हा तेच. आता खरं दुखणं सांगतो, ज्याच्यासाठी हा सगळा लेख आहे. तिचा बॉक्स ज्या लॉटमधून, म्हणजे ज्या खेपेत, आला होता ते सगळेच मुळात तापट होते. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. आधीचे बॉक्स चांगले, दणकट; नंतर स्वस्तातला माल आला. एसीच्या फ्लॅटमध्ये तो चालून जायचा. पत्र्याखाली मरायचा. आणि चिखलीपासून चाकणपर्यंत पत्र्याखाली किती माणसं राहतात ते त्या स्वस्त मालवाल्यांनी कधी येऊन पाहिलंय?

मी आमच्या साहेबांकडे गेलो. हे आमच्या विभागाचे मुख्य. आमच्यात तक्रारीला तिकीट म्हणतात. का, ते देव जाणे. प्रवास फक्त तक्रारीचाच होतो, माणूस जागच्या जागी राहतो. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं.

"लाइन ओके आहे. सगळं हिरवं दिसतंय. बंद कर तिकीट."

"साहेब, सकाळी हिरवंच दिसणार. दुपारी बघा. जुन्या लॉटमधला एक बॉक्स द्या तिला."

"जुना लॉट संपला. आणि हवामान आपल्या कक्षेत येत नाही, भाऊ."

"मग खोलीत या माझ्याबरोबर. थोडा वेळ बसून बघा."

"तू फार इमोशनल होतोस यार."

तिकीट त्यांनी बसल्या जागी बंद केलं. मी दात-ओठ खात गच्चीवर परत गेलो. आणि इथे माझ्या रागानं माझी अक्कल खाल्ली.

दत्ता त्या दिवशी घरी होता. सगळं ऐकून म्हणाला, "दादा, उष्णता काढणं हे तर आमचं रोजचंच काम हाय. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पात्या असतेत न्हाई का? तसाच डबा करू याला. अॅल्युमिनियमचा."

पुढच्या रविवारी तो डबा घेऊन आला. काय वस्तू होती, महाराजा! वर्कशॉपच्या भंगारातल्या ठोकळ्यातून कोरून काढलेली. बाहेर एकसारख्या पात्या, कडा अशा मारलेल्या की गालावर फिरवाव्यात. आत रबराच्या वायसरी, बोर्ड धातूला टेकू नये म्हणून. चिपच्या डोक्यावर ठेवायला पातळ गादी, उष्णता शोषून डब्याला देणारी. असं काम पाहिलं की मला भान राहत नाही. कंपनीच्या बॉक्सवर 'उघडल्यास जबाबदारी नाही' असं लिहिलेलं सील होतं. ते मी माझ्या हातानं फाडलं, प्लास्टिकचं कवच फेकलं आणि आतला बोर्ड त्या राजवाड्यात बसवला.

झाकण लावलं. आम्ही दोघं हात लावून बघतोय. गार! भर दुपारी, पत्र्याखाली, बॉक्स माठासारखा गार. दत्तानं मला टाळी दिली. मी म्हणालो, "आता तुझं पेटंट घे, भावा."

रेणुका लॅपटॉपसमोर बसलेली. "थंड झालंय ते दिसायलंय. पण चालायलंय का?"

वायफाय गायब. नावसुद्धा दिसेना. झाकण काढलं की येई, लावलं की जाई. दत्ता माझ्याकडे बघतोय, मी पत्र्याकडे. अहो, वायफायच्या लहरी धातूतून जात नाहीत! हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. 'काकू, बॉक्स लोखंडी कपाटामागे नको', 'सर, फ्रीजमागे नको', आणि स्वतः बॉक्सला अॅल्युमिनियमच्या तिजोरीत घालून वर टाळ्या देत होतो. म्हातारीनं विचारलं, "काय झालं रं?" दत्ता म्हणाला, "काय न्हाई आई, देवाला गाभाऱ्यात कोंडलंय."

त्याच वेळी गप्प बसून नवं कवच मागवलं असतं तर निभावलं असतं. पण हार मानेल तो मी कसला. म्हटलं, हवेतून नाही तर तारेतून. बॉक्समधून सरळ वायर काढून लॅपटॉपला लावू. त्यासाठी डब्याला आणखी एक भोक हवं.

दत्ता म्हणाला, "बोर्ड बाहेर काढा, मग पाडतो."

"अरे एवढंसं भोक! पुन्हा कुठे ते सगळं सोडवत बसायचं? पाड असंच, मी आतून फडकं धरतो."

"दादा, कीस उडतो अॅल्युमिनियमचा."

"तू पाड रे!"

मोठ्या माणसाचा मान राखून त्यानं पाडलं. मी फडकं झटकलं, आत फुंकर मारली, वायर ओवली. आणि काय सांगू, लाइन अशी धावली! ऐन दुपारी रेणुकाचे कॉल एकामागून एक, एकही तुटला नाही. तिनं मला ताकाचा तांब्या भरून दिला. मी जिने उतरताना शीळ घालत होतो. ऑफिसात जाऊन साहेबांना डोळा मारावासा वाटत होता.

थोड्याच दिवसांनी, ती ड्यूटीवर असताना, कोणा गृहस्थाची फ्रीजची तक्रार अर्ध्यावर आली असताना, बॉक्स एकदम मेला. एक दिवा नाही. मी धावत गेलो, झाकण उघडलं. अॅल्युमिनियमचा एक बारीक, वळलेला, चांदीसारखा कीस चिपच्या दोन पायांवर आडवा पडलेला. कुठल्या तरी सांदीत दडून बसला होता, म्हातारीची खाट सरकवताना डबा हलला आणि तो घरंगळला. उंदराच्या शेपटीएवढासुद्धा नव्हता. शॉर्ट. आतून काळं.

 रेणुकाच्या वरच्या बाईचा फोन येऊन गेला होता. उद्या सकाळी लॉगिन झालं नाही, तर घरचं काम संपलं. ती सासूचे पाय चेपत बसली होती. दत्ता म्हणाला, "माझंच चुकलं. मी भोक पाडायचं न्हवतं."

त्यानं असं म्हणावं! मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांकडे गेलो. माझ्याच्यानं हे घडलंय हे सांगितलं. त्यांना त्यात रसच नव्हता.

"सील तुटलंय ना? छेडछाड. बदली मिळणार नाही."

"साहेब, सील मी तोडलं. मला काय करायचं ते करा. तिला बॉक्स द्या."

"सिस्टीममध्ये 'ग्राहकाची छेडछाड' एवढाच पर्याय आहे. तुझ्यासाठी वेगळं बटण नाहीये. नवीन मंजुरी लागेल, आठवडा जाईल."

"उद्या सकाळी तिची नोकरी जाते आहे!"

"कशाला हात लावायचे लोकांनी?"

कशाला हात लावायचे! बॉक्स चालत असता तर कोणाला हौस होती? तुम्ही भट्टीत कागदाचा डबा ठेवायचा, तो जळायला लागला की 'हवामान', आणि माणसानं जीव तोडून वाचवायला हात लावला की 'छेडछाड'. म्हणजे न लावावा तरी मरण, लावावा तरी मरण. मी मूर्ख होतो हे मान्य. पण मूर्खाच्या आधी कोणीतरी हरामखोर होता, त्याचं नाव कुठल्याच सिस्टीममध्ये नाही.

माझ्या घरचा बॉक्स नेला असता, पण चांगला होता तो मी आधीच जाळलेला आणि बदली आलेला ह्याच तापट लॉटचा. तेवढ्यात माझी नजर साहेबांच्या डोक्यावर गेली. केबिनच्या भिंतीवर, एसीच्या गार झुळकीखाली, जुन्या लॉटचा दणकट बॉक्स सुखानं लुकलुकत होता.

मी बाहेर येऊन मोबाइलवर नवं तिकीट काढलं. ग्राहक, आमचंच ऑफिस. तक्रार, केबिनमधला बॉक्स तापतो, बदलून मिळावा. मंजुरीसाठी ते साहेबांकडेच गेलं. साहेब फोनवर कोणाशी तरी हसत होते, स्क्रीनकडे न बघता अंगठा दाबला. मंजूर! रेणुकाला आठवडा लागणार होता. एसीखालच्या गार बॉक्सला अंगठ्याएवढा वेळ पुरला. स्टोअरनं कोरा बॉक्स दिला, तापट लॉटचा. मी शिडी घेऊन केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी फोनवरूनच भुवया उंचावल्या.

"मेंटेनन्स," मी म्हणालो.

त्यांनी पाय बाजूला घेतले. मी त्यांचा बॉक्स काढला, नवा लावला आणि जुना पिशवीत घालून तडक चिखली गाठली. ह्या वेळी सीलला बोट लावलं नाही. दाराशेजारी, जमिनीपासून हातभर, उभा, मोकळा. दत्तानं मागे तेवढी एक फळी ठोकली, गरम भिंतीपासून लांब राहावा म्हणून. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी रेणुका वेळेवर कामाला बसली. उन्हातही चालत राहिलं.

मग स्टॉकची तपासणी आली. ऑफिसचा बॉक्स चिखलीच्या गच्चीवर जिवंत दिसतोय! साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. तिथून एक बटण दाबून ते तो बंद करू शकले असते, पण मंजुरीवर अंगठा त्यांचाच होता. बोभाटा नको होता.

"गुपचूप काढून आण. आजच."

गेलो. का गेलो, विचारू नका. माझं पोट त्याच नोकरीवर होतं. जिने चढलो. दुपारची वेळ, दार सताड उघडं. रेणुका कॉलवर होती. मला बघून तिनं बसायची खूण केली. मी उंबऱ्यात बसलो, हातात स्क्रूड्रायव्हर. पलीकडे कोणी म्हातारे असावेत, बराच वेळ ओरडत होते. ती शांतपणे सांगत होती, "हो काका. मला समजतंय. फ्रीजमागे थोडी जागा सोडली आहे का? हवा खेळू द्या. नाही, आपण उघडू नका काका, मी आजच माणूस पाठवते." आणि तिनं खरंच पाठवला, माझ्यासमोर, दुसऱ्या फोनवर कोणाला तरी झापून. मग लगेच पुढचा कॉल. मग त्याच्या पुढचा. मध्येच उठून सासूची कूस बदलली, हेडफोन कानालाच.

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि उठलो. तिनं माइकवर हात ठेवून विचारलं, "काही काम होतं का, दादा?"

"नाही. बघायला आलो होतो. चालू आहे ना?"

"चालू हाय."

आमच्या कामात ग्राहक भेटला नाही की तिकिटावर लिहायचे दोनच शब्द असतात, 'दरवाजा बंद'. मी जिन्यातच उभा राहून ते लिहिले. साहेबांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा लिहिले. उन्हाळा संपला, साहेब बदलून गेले, पण ते काम माझ्या नावावर फिरून फिरून येत राहिलं, आणि मी काम सोडेपर्यंत तेच उत्तर देत राहिलो. जाताना माझ्या जागी आलेल्या माणसाला सगळा भाग समजावून दिला, कुठल्या खांबाला विजेचा झटका बसतो, कुठल्या सोसायटीत वॉचमन शिडी अडवतो. चिखलीच्या त्या गच्चीचंही सांगितलं.

"वरच्या पत्र्याच्या खोलीत एक बाई वारा यावा म्हणून दिवसभर दार उघडं टाकून बसते," मी म्हणालो. "ते दार बंद असतं. लक्षात ठेव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि शिडी उचलली.